जांभळा का उडाला?

मंगळवार, ४ मार्च

आईच्या फोनचा रंग उडालाय! सकाळी चहाच्या वेळी टेबलावर पडला होता, सहज उचलला आणि बघतच राहिलो. चांगला गडद जांभळा म्हणून दिला होता. आता धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा दिसतोय. चारी बाजूंनी!

याच रंगाचे सहा फोन आमच्या कंपनीने वापरून बघायला म्हणून घरोघरी दिलेत. एक माझ्याही खिशात आहे. बाकी सगळे ठणठणीत. साहेबांना या महिन्याच्या आत फोनच्या या जांभळ्या धातूच्या फ्रेमला माझी मंजुरीची सही हवीय. सही झाली की हजारो फ्रेमा या रंगात बुडणार. नाही झाली तर हा रंग घडवणाऱ्या आमच्या रंगोबाची वर्षभराची मेहनत पाण्यात.

आणि सहातला नेमका एक बिघडावा तो आमच्या मातोश्रींकडे!

बुधवार, ५ मार्च

आईची उलटतपासणी. "फोनला काय केलंस?" — "कानाला लावला." — "आणखी?" — "ठेवला." पुढे काही नाही. वकील व्हायला हवी होती ही बाई.

मग म्हणाली, "रंग लावलाय ना? मग जाणारच की कधीतरी." माझा पारा चढला. पंधरा वर्षं रंगांच्या चाचण्या करतोय आणि घरच्यांना अजून वाटतं की आम्ही ब्रश घेऊन बसतो! बसवलं तिला आणि सांगितलं — लावत नाही, मुरवतो. धातूवर आधी एक कडक थर वाढवायचा, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, रंग त्या छिद्रांत मुरतो, मग वरून छिद्रं बंद करायची. नखाने खरवडून जाणारा रंग नव्हे हा!

शांतपणे ऐकून घेतलं. "मग गेला कसा?" म्हणाली.

फोन उद्या कामावर नेतो.

गुरुवार, ६ मार्च

फोन कामावर नेला, फ्रेम सोडवली, भिंगाखाली धरली. गंमत आहे! एकही ओरखडा नाही. थर जागच्या जागी आहे, नुसता रंग नाहीसा झालाय. आणि बटणांच्या खाचेत मूळचा जांभळा अजून तसाच! म्हणजे झिजलेला नाही हा. कशाने तरी पुसलाय. बोट जिथे पोचतं तिथला गेलाय, जिथे पोचत नाही तिथला राहिलाय.

रंगोबाला दाखवलं. रंगखात्याचा प्रमुख. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघतं. नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची, सध्या अर्थातच जांभळी. फ्रेम हातात घेऊन लहान मुलाला लागल्यासारखा चेहरा केला. मग एकदम उसळला. "माझा रंग असा जात नाही. तुझ्या आईने काहीतरी लावलंय याला!"

माझ्या आईवर घसरायचं काम नाही, म्हटलं. पण मलाही तेच वाटतंय.

साहेबांचं म्हणणं वेगळंच. "सहातले पाच चांगले ना? मग सहावा सोडा. म्हाताऱ्या माणसांच्या हाताला घाम येतो." खोट्या घामाच्या पेटीत आपण फ्रेमा आठवडाभर शिजवतो साहेब, घामाने काही होत नाही! — हे मनात. तोंडाने फक्त "बघतो."

शनिवार, ८ मार्च

स्वयंपाकघरात मोडक्या फ्रेमांचे तुकडे मांडून बसलो. भांड्यांचा साबण — काही नाही. लिंबू — काही नाही. फरशी पुसायचं — काही नाही. हाताचं क्रीम, खोबरेल, सुगंधी फवारा, डास मारायचा फवारा, सगळं झालं. कपड्यांच्या ब्लीचने थरच खाल्ला, पांढरे डाग पडले. आईच्या फोनवर डाग नाहीत. म्हणजे तेही नाही.

ही, म्हणजे आमची बायको, खुर्चीत बसून माझा तमाशा बघत होती. एरवी ओट्यावर एवढा पसारा केला असता तर मला पसाऱ्यासकट बाहेर काढलं असतं. आज नुसती हसली. "एवढं काय त्या रंगाचं! नापास कर आणि मोकळा हो."

"कारण न कळता कसा नापास करू? रंगोबा जीव देईल."

"मग पास कर."

"आईचा फोन दिसतोय ना तुला?"

यावर उठून आत गेली. हल्ली लवकर दमते. ऑफिसात वर्षअखेरची कामं आहेत म्हणे. आई तिला ओट्याशी उभी राहू देत नाही, सगळं स्वतः करते. सासू-सुनेचं एवढं गूळपीठ मी जन्मात पाहिलं नव्हतं! मी काही बोललो की दोघी एकमेकींकडे बघतात. घरात माझी अवस्था पाहुण्यासारखी झालीय.

मंगळवार, ११ मार्च

साहेब : "काय ठरलं?" मी : "बघतोय." दिवस संपला.

गुरुवार, १३ मार्च

रंगोबाचं डोकं चाललं. जेवता जेवता घास तसाच धरून म्हणाला, "केस रंगवते का रे तुझी आई? त्या केसांच्या रंगात पेरॉक्साइड असतं. ते माझ्या रंगाला खाईल. त्याला खाईल, थराला हात लावणार नाही."

बरोबर आहे! माझ्या का लक्षात आलं नाही?

घरी येऊन चप्पल काढायच्या आधी विचारलं. आईने डोक्यावरचा पदर मागे केला. "या डोक्याकडे नीट बघ. आणि मग पुन्हा विचार."

कापूस आहे कापूस. ही आतल्या खोलीतून इतकी हसली की खोकला लागला. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसणं झालं.

शनिवार, १५ मार्च

सापडलं!!

पेरॉक्साइड आणखी कशात असतं म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मागच्या फळीवरून ओल्या पुसण्यांचा, म्हणजे वाइप्सचा, डबा काढला. "यात आहे. पण हे घरगुती नाही हं, हॉस्पिटलात वापरतात." घेतला. आज अर्धा दिवस काम होतं, सगळे गेल्यावर बसलो आणि नव्याकोऱ्या जांभळ्या फ्रेमवर पुसणी फिरवत राहिलो. पुसायची, वाळू द्यायची, पुन्हा पुसायची. हळूहळू रंग उतरायला लागला! तीच विटकी चादर. आणि बटणांच्या खाचेत जांभळा तसाच!

आमच्या यादीत 'पुसणी — पास' असं कधीपासून लिहिलेलं आहे. पण आमच्याकडे पुसणं म्हणजे स्पिरिट. बाटली तीच, बोळा तोच, नव्या रंगाला दोन हात मारले की पास. पुसण्यापुसण्यांत फरक असतो हे एवढ्या मोठ्या खात्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही फ्रेमा किल्ल्यांबरोबर पिंपात घुसळतो, उन्हाच्या दिव्याखाली भाजतो, जीन्सच्या कापडाने घासतो. आणि रंग आमच्या हातावर तुरी देऊन साध्या पुसणीबरोबर पळतो!

रंगोबाला फोन लावला. पुसणीचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "सोमवारी दाखव." बिचारा.

शिट्टी वाजवत घरी निघालो. निम्म्या रस्त्यात शिट्टी थांबली.

आईच्या फोनला ही पुसणी कुठे लागली?

दुकानदार आणखी एक बोलला होता. त्या वेळी मी कान देऊन ऐकलंच नव्हतं. "नाजूक पेशंटांच्या वॉर्डात दारातच फोन पुसून घेतात. जितक्यांदा जाल तितक्यांदा." एकदा-दोनदा जाऊन एवढा रंग उतरत नाही. मी स्वतः उतरवून बघितलाय. आई कितीतरी वेळा गेलीय.

रविवार, १६ मार्च

दिवसभर आईकडे बघत होतो. जेवली नीट. जिना चढली, धाप लागली नाही. शेजारणीशी भांडली, तेही खणखणीत आवाजात. "तब्येत बरी आहे ना?" म्हटलं. "मला काय धाड भरलीय!"

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी 'पाय मोकळे करायला' जाते. ठरलेले वार! पाय काय वार बघून आखडतात? हे मला आज सुचतंय. मी अर्ध्या छटेचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखतो म्हणून कामावर माझं कौतुक होतं.

भीती वाटतेय. सरळ लिहितो, इथे कोण बघतंय. बाबा गेले तेव्हा ती होती, म्हणून मी उभा राहिलो. तिला काही झालं तर मला काय करायचं ते माहीत नाही.

मंगळवार, १८ मार्च

दुपारी घरी फोन केला. वाजत राहिला. संध्याकाळी विचारलं. "पाय मोकळे करायला गेले होते." डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. खोटं बोलायची सवयच नाही तिला.

बुधवार, १९ मार्च

राहवेना. हिला सांगितलं. ही भांडी विसळत होती. "आई हॉस्पिटलात जाते. आपल्यापासून लपवते. काहीतरी मोठं आहे." पुसण्यांचं, वॉर्डाचं, सगळं सांगितलं.

नळ चालूच राहिला. हातात वाटी तशीच. मग नळ बंद केला, हात पुसले, मला म्हणाली, "आईंना काही विचारू नकोस."

"का?"

"मी सांगते ना. त्यांना विचारू नकोस."

म्हणजे हिला माहीत आहे! माझ्या आईचं दुखणं हिला माहीत, आणि मी मुलगा असून मला कुणी सांगत नाही! आवाज चढला माझा. हिने ओटा पुसायला घेतला. "तू घाबरतोस रे," एवढंच म्हणाली. "तुला साधा ताप चढलेला बघवत नाही. मग तुलाच धीर देत बसावं लागतं."

खरं आहे. तरी राग आला. पाठ फिरवून बसलो. थोड्या वेळाने चहा आणून ठेवला तिने, तो प्यायलो.

मग राग ओसरला. बरं झालं हिला माहीत आहे. आई एकटी जात नसेल. ही आहे म्हणून या घराचं सगळं चालतं.

गुरुवार, २० मार्च

जांभळा नापास केला.

साहेबांनी पुष्कळ समजावलं. "हॉस्पिटलात जाणारे असे किती असतात हो? माहितीपत्रकात एक ओळ टाकू, अमुक पुसणी वापरू नये म्हणून." मी म्हटलं, दारात फोन मागितल्यावर माणूस माहितीपत्रक काढून दाखवणार आहे का? आत कुणीतरी पडलेलं असतं त्याचं. फोन कसला, कपडे मागितले तरी देईल. म्हटलं, माझ्याच घरात आहे तसं माणूस. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.

रंगोबा रंगाच्या हौदापाशी उभा होता. मला वाटलं शिव्या घालेल. "दुसरा जांभळा आहे माझ्याकडे," म्हणाला. "जरा निळसर पडतो. पण पेरॉक्साइडला दाद देणार नाही बहुतेक. पुन्हा बुडवून बघू." मग माझा दंड धरून विचारलं, "आई कशी आहे?"

घरी आलो तर दोघी माझी वाट बघत बसलेल्या. आई माझ्याकडे बघेना. ही म्हणाली, "उद्या दुपारची सुट्टी टाक. आमच्याबरोबर चल."

आमच्याबरोबर, म्हणाली. बरं वाटलं. जे काय असेल ते तिघं मिळून बघू. आईला म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे." ती पटकन उठून आत गेली. रडत होती बहुतेक.

शुक्रवार, २१ मार्च

वॉर्डाच्या दारात नर्सने तिघांचे फोन मागितले, पुसले, परत दिले. बाकावर बसलो. मी आईचा हात घट्ट धरला होता.

आतून नाव पुकारलं. आई बसूनच राहिली. तिने फक्त दुसरा हात पुढे करून हिची पर्स आणि फोन घेतला.

ही उठली.