त्या बाईनं काय केलं

सिरसाळा, ता. १० जून २०२५

ती. अण्णामामांस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. ह्यांना समाधी दिली त्या दिवशी तुम्ही इथं होता, पण माझं तोंडच उघडलं नाही.

दवाखान्यात शेवटी ह्यांना बोलताना धाप लागत होती. माझा हात धरून म्हणाले, मामांच्या त्या गोष्टीतल्या बाईनं केलं तसंच तू कर. मी हो म्हटलं. पुढं ते बोलले नाहीत. मामा, ती बाई काय करते हे मला ठाऊक नाही. लग्नानंतर एकदा ह्यांनी ती गोष्ट सांगितली आणि मला अर्ध्यात झोप लागली. एक माणूस यानात बसून ताऱ्याकडं जातो. तो इतका लांब जातो की त्याचा आवाज बायकोला कित्येक वर्षांनी ऐकू येतो, तो मेल्यावरही येत राहतो. ती अंगणात रेडिओची तार उभारून रोज ऐकत बसते. एवढंच माझ्याजवळ आहे.

बसायचंच असेल तर मी बसलेच आहे. बियाण्याचं आणि दोर-सुतळीचं दुकान तेव्हापासून बंद आहे. शटर ओढून आत ह्यांच्या फोनमधले ह्यांच्या आवाजातले निरोप ऐकते. हरिओम भावजी म्हणतात, पेरणी तोंडावर आली, वहिनी, उघडा, नाहीतर महिनाअखेर दुसऱ्याला चालवायला देऊ. मी कशाला हो म्हटलं तेच मला माहीत नाही, तर त्यांना काय सांगू?

उत्तर लवकर द्यावं. माया पातळ होऊ देऊ नये.
आपली, रोहिणी


धर्मापुरी, ता. १६ जून

चि. ~~सौ.~~ रोहिणीस अनेक आशीर्वाद.

सवयीनं लिहिलं गेलं, मग खोडलं. कागद बदलायला हवा होता, हात उचलला नाही.

पोरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत राजू इथं असायचा तेव्हा देवळाच्या ओट्यावर मी पोरांना अशा पुष्कळ गोष्टी सांगितल्या. आता सगळ्यांचा काला झाला आहे. एकीत बाई रेडिओ फोडते. एकीत ती नवऱ्यामागं निघून जाते, पण ती मात्र नसावी. माझ्या जोडीच्या सटवा गुरुजींना विचारलं तर ते माझ्यावरच ओरडले, जन्मभर लई गोष्टी सांगितल्यास बे, आता एकीसाठी काहून रडतोस? शाळेतलं पुस्तकांचं कपाट वाळवीनं खाल्लं.

आणखी काही बारीकसारीक आठवतं का? जेवत जा. तुझ्या सासूकडं, शांताक्काकडं बघ, तिचाही मुलगा गेला आहे.

जीव लावून आहे, हे धरून चाल.
अण्णाराव


सिरसाळा, ता. २१ जून

ती. अण्णामामांस, शि. सा. न. वि. वि.

नवऱ्यामागं जाते ती नसावी असं तुम्ही लिहिलंत. असलीच तर लपवू नका. शब्द दिला आहे, आणि मला त्यात काही जड वाटत नाही. आत्याबाई हल्ली माझ्या खोलीच्या दाराशीच अंथरूण टाकतात. मी का म्हणून विचारलं नाही.

शेजारच्या संगीतानं फोनला विचारलं. त्यानं घटकेत पाच गोष्टी काढून दिल्या, सगळ्या परदेशी. मी पाचही वाचून घेतल्या. मला एकच आठवतं, झोप लागता लागता ह्यांनी दोडक्याचं नाव घेतलं आणि स्वतःशीच हसले. त्या पाचांत कुठं दोडका नाही. संगीता म्हणाली, वैनी, ताऱ्यावर जाणाऱ्याच्या गोष्टीत दोडका कुठून येईल, तुम्हाला भास झाला. झालाही असेल.

महिना संपत आला. लोभ करता तसाच करावा.
रोहिणी


धर्मापुरी, ता. २४ जून

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

टपालाला वेळ लागेल, म्हणून पत्र आमच्या गल्लीतल्या अभिमन्यूच्या हाती पाठवतो. तो समोर असतानाच वाच.

दोडका वाचला आणि गोष्ट सापडली. ती परदेशी गोष्ट मराठी करून एका मासिकात आली होती, मी नवा मास्तर होतो तेव्हा. मासिकाचं नाव गेलं, लिहिणाऱ्याचंही गेलं. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, छापलेला शेवट आधी सांगतो. ती बाई ऐकत बसते, म्हातारी होते आणि तारेखालीच मरते. आवाज येतच राहतो.

मी असं सांगितलं तेव्हा राजू लहान होता. ओट्यावरून ताडकन उठला. म्हणाला, मामा, न्हाई, असं न्हाई. तिला भूक लागत न्हाई का? तिच्या घरात दुसरं कुणी न्हाई का? मी म्हटलं, मग तूच सांग बे. तेव्हा त्यानं सांगितलं की एक दिवस ती त्या आवाजाला म्हणते, तुमचं लई ऐकलं, आता मला कामं हायत. तार उतरवते, अंगणात आडवी बांधते आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवते. मग इतके दोडके लागतात की गल्लीत कुणाच्या घरी दुसरी भाजी होत नाही. पोरं लोळून हसली. पुढं मी ती तशीच सांगत आलो आणि छापलेलं विसरून गेलो.

फोनला दोडका सापडणार नाही. तो कुठं छापलेलाच नाही. तो राजूचा आहे.

मागं जाणारी बाई वेगळ्या गोष्टीतली. ती मी तुला लिहायलाच नको होती. मला माफ कर आणि दोन ओळी पाठव, तोवर घास गिळणार नाही.
अण्णाराव


सिरसाळा, ता. ३ जुलै

ती. अण्णामामांस, शि. सा. न. वि. वि.

अभिमन्यूच्या हाती दोन ओळी दिल्या होत्या, त्या पोचल्या असतील. जेवला असाल.

तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या रडल्या, मग म्हणाल्या, मेल्यानं जन्मात दोडका खाल्ला न्हाई, ताटात बाजूला सारायचा, अन् गोष्टीत गल्लीला खाऊ घालतो. मला हसू आलं, मग रडू थांबेना. बरं वाटतं असं म्हणणार नाही. अंथरूण अजून दाराशीच असतं.

दुकानाच्या मांडणीवरून दोडक्याचं बी घेऊन परसात लावलं, दोरही आपल्याच दुकानातला. निरोप पुसले नाहीत.

ह्यांचा फोन वाजला की मी उचलत नव्हते. सोमवारी उचलला. पलीकडून कुणी शेतकरी विचारत होते, राजेश्वरअप्पा हायत का, दुकान काहून बंद हाय? ते गेले, हे मी पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. मग सांगितलं, दुकान उघडं हाय, या.

आपली,
रोहिणी