आईच्या नावाची काडी

गिमली,
७ एप्रिल १९८६

प्रिय सिग्रूनताई,

तुझी कंबर कशी आहे? ब्रँडनला बर्फ वितळला का? इथे गोठलेल्या तळ्यावरून अजून चालत जाता येतं. मी ठणठणीत आहे.

आधी बढाई मारते, मग बाकीचं. परवा चर्चच्या हॉलमधल्या फुलांच्या प्रदर्शनात माझ्या कुंडीतल्या छोट्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं! वीतभर झाड, त्यावर एकोणीस फुलं, एकेक अंगठ्याच्या नखाएवढं. "लोआच्या हातात निवडुंगसुद्धा जगायचा नाही," असं तू गावभर सांगायचीस ना? आता तेच गाव मला विचारायला येतं.

आणि मी सांगतेही, ऐटीत. पहिलं दव गोठायच्या आत कुंड्या घरात घ्यायच्या. दक्षिणेच्या खिडकीत ठेवायच्या, पण घर तापवणाऱ्या भट्टीचा झोत लागू द्यायचा नाही. खाली खडे घातलेली पाण्याची थाळी हवीच, नाहीतर कोरड्या हवेत लाल कोळी जाळी विणायला लागतो. दर रविवारी झाड सिंकमध्ये आडवं धरून पानं खालून धुवायची. बाहेर उणे पस्तीस, आणि मी गुलाबाला आंघोळ घालतेय! आमचा एइनार म्हणतो, "लग्नाला तीस वर्षं झाली, माझी पाठ कधी चोळली नाहीस ती!"

परीक्षकबाई वाकून वाकून बघत होत्या. "जात कुठली ही? जर्दाळूचा रंग आणि मधोमध हिरवा डोळा. मी तर कधी पाहिली नाही."

ताई, तू पाहिली आहेस.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरात मी तुझ्याकडे उन्नाची एक काडी मागितली होती. "तुला देऊन मारायची नाहीये मला," असं म्हणून तू कॉफी टाकायला आत गेलीस. सहा वर्षं पराग लावून लावून तू घडवलेला तो गुलाब, आईचं नाव दिलेला. मी कात्री उचलली, एक काडी कापली आणि हातमोज्यात लपवली.

त्याच हिवाळ्यात तू दवाखान्यात असताना तुझ्या घरची भट्टी बंद पडली. सगळी झाडं गेली. "आईचं नावच गेलं गं," म्हणून तू रडत होतीस, आणि मी तुला जवळ घेऊन बसले होते. त्या वेळी माझ्या घरी, पालथ्या बरणीखाली, उन्नाला दोन कोवळी पानं फुटली होती. आधी चोरीची लाज वाटली, म्हणून बोलले नाही. मग, खरं सांगते, वाटलं की आता ती माझ्या एकटीची. तू ब्रँडनला राहायला गेलीस तेव्हा सुटल्यासारखं झालं. तुझ्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत ती यामुळे.

परीक्षकबाई पेन उघडून थांबल्या होत्या. मी म्हटलं, "उन्ना. आमच्या आईचं नाव. माझ्या ताईने घडवलीय." आवाज इतका चढला की लांबच्या टेबलापाशी उभ्या बायका वळून बघायला लागल्या. बक्षीस मिळाल्यावरही माझी मान तेवढी ताठ झाली नाही. कार्डावर वर तुझं नाव आहे, खाली माझं.

येत्या शनिवारी दुपारच्या बसने येतेय, झाड मांडीवर घेऊन. मी त्याच्या दोन काड्या इथे रुजवल्यात, हे तुझं. मला भेटायचं नसेल तर दार उघडू नकोस. कुंडी पायरीवर ठेवून मी परत फिरेन. पण तिला लगेच आत घे, अजून रात्री पाणी गोठतं.

तुझी चोर, तुझी बहीण,
लोआ