थडग्यावरची सिगरेट

प्रिय मिलुतिनदादा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? दोन वर्षं झाली, फुप्फुसं जाळून तू टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन पडलास.

मी नऊ वर्षांपूर्वी सिगरेट सोडली. तेव्हापासून दर मंगळवारी शाळेत मुलांची सिगरेट सोडवायचा गट घेते. तू हसायचास त्याला. यंदा आमच्या गटातली दुन्या एकेचाळीस दिवस टिकली होती. पितरांच्या शनिवारी, सगळे आपापल्या मृतांच्या आवडीचं थडग्यावर ठेवायला येतात तेव्हा, ती दफनभूमीत भेटली. तिची आजी दुन्याच्या बापाच्या थडग्यावर पाव आणि वाइन मांडत होती. पोरीच्या हातात सिगरेट होती.

"बाई, बाबांसाठी पेटवून ठेव म्हणते आजी. ओढल्याशिवाय ती पेटत नाही हो. काय करू?"

"नुसतीच ठेव," एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या पिशवीतही तुझ्यासाठी आणलेलं पाकीट होतं. तिला अडवलं असतं, तर मलाही तुझ्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहावं लागलं असतं.

"एका झुरक्यानं काय होतंय?" मी म्हणाले.

काल मंगळवार. ती गटात आली नाही. व्यायामशाळेच्या मागे धूर काढत बसलेली सापडली.

"तुम्हीच म्हणालात ना, बाई?"

कोणत्या तोंडानं रागावणार? खोटं बोलायचं नाही, हा गटाचा पहिला नियम मीच फळ्यावर लिहिते. आणि दादा, त्या शनिवारी तुझ्यासाठी पेटवलेली सिगरेट मी थडग्यावर ठेवली, तेव्हा ती अर्धीच उरली होती.

तुझी धाकटी,
स्तानिया