फाटकातली गाडी हलवण्याबाबत

मी, या घरातली सर्वांत थोरली बाई, वय सत्तरीच्या पुढे (किती पुढे ते कोणी लिहून ठेवले नाही आणि मला लिहिता येत नाही), पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. या घरात दडपण आणणारी मीच आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला. लिहिणारी माझी नात, धाकट्याची मुलगी. मध्ये कोणी बोलले तर तेही उतरव आणि माझी भाषा सुधारू नकोस, असे तिला बजावले आहे.

कलम १. घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. अट पुढे येते आहे, आत्ताच खूश होऊ नये.

कलम २. आमच्या ह्यांची गाडी. ही फाटकात आडवी उभी आहे, चारही चाके हवा जाऊन जमिनीला टेकलेली. ती जितकी चालली त्याहून जास्त मी ती ढकलली. पुढच्या सीटवर ह्यांची हत्यारांची पेटी बसायची आणि मी मागे. हे आजारी पडले तेव्हा गाडी कोणी वापरायची यावरून मुलांचे वाजले. धाकट्याने नेऊ नये म्हणून थोरल्याने पुढच्या दोन चाकांची हवा सोडली. थोरल्याने नेऊ नये म्हणून धाकट्याने मागच्या दोन चाकांची सोडली. दोघांना वाटले कोणी पाहिले नाही. स्वयंपाकघराची खिडकी फाटकाकडे उघडते, हे पोरे विसरली.

("आई, हे लिहायलाच पाहिजे का?" थोरला.
"तू सोडलीस तेव्हा मला विचारलंस?")

मग हे गेले. गाडी कोणी हलवेना, एकमेकांशी बोलेना. माझ्या माणसाला न्हाणीघराजवळच्या बोळातून, मागच्या दाराने, तिरपे करून बाहेर न्यावे लागले. कपाट बाहेर काढतात तसे. मी त्या दाराने जाणार नाही.

कलम ३, म्हणजे अट. गाडी आज भंगारात जाईल. भंगारवाला बाहेर उभा आहे. त्याचे म्हणणे, "आजी, माझा टेम्पो तुमच्या गल्लीत शिरत नाही. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत आणा. चाकं फिरली तर नेतो, नाहीतर राहू दे शोभेला." म्हणून ज्याने ज्या चाकांची हवा सोडली, त्याने ती भरावी. घरातल्या पायपंपाची नळी सैल आहे, ती दुसऱ्याने धरून ठेवावी लागते. नवा पंप आणू नये. जो भरणार नाही किंवा धरणार नाही, त्याचा घराचा हिस्सा नातीला.

("आजी, मी हे लिहू?"
"ठळक लिही.")

कलम ४. गाडीतून काय काढायचे. बॅटरी भंगारवाल्याने आधी काढावी. टाकीतले पेट्रोल गटारात ओतू नये. डिकीतली माझी छत्री मला. पुढची सीट सोडवून फाटकाशी ठेवावी. भंगारवाला म्हणाला, "सीट गेली तर वजन घटेल." मी म्हटले, "मग मला बसवून तोल, भरून निघेल." तो हसला, सीट मिळाली.

कलम ५. शेजारच्या शिंप्याने नेलेला जॅक आजपासून शिंप्याचा. निदान मालकाने तरी तो वापरावा. आज मात्र घेऊन यावा, मागचे चाक रुतले आहे.

कलम ६. शिलाईची पेटी थोरल्या सुनेला, पितळी डबे धाकटीला. कमीजास्त वाटल्यास मला येऊन सांगावे.

येथे लिखाण थांबवले होते. मुले कामाला लागली. आधी मागची चाके घेतली, धाकटा पंप मारत होता आणि थोरला नळी धरून होता. मग धाकटा म्हणाला, "नीट धर ना, सगळी हवा तुझ्या बाहीत चालली आहे." थोरला म्हणाला, "तू आधी पाय सरळ मार." भांडण झाले. बोलणे झाले, असे समजावे. हँडब्रेक गंजून धरला होता, तो भंगारवाल्याने सोडवला. शिंप्यासकट सगळ्यांनी रेटा दिला. गाडी कुरकुरत कोपऱ्यापर्यंत गेली. या वेळी मी ढकलली नाही, फक्त ओरडले.

कलम ७ व शेवटचे. मला फाटकातून न्यावे. आत्ताच छत्री टेकत जाऊन पाहून आले. खांदा देणारे दोघे शेजारी शेजारी सहज मावतात. पुढे थोरला आणि धाकटा असावेत. उंचीत फरक आहे, थोरल्याने जरा वाकावे. घाई नाही, सीटवर मला बरे वाटते आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले आणि मान्य केले.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा. शाईचा पॅड मिळाला नाही, गाडीचे काळे तेल लावले आहे.

साक्षीदार: भंगारवाला (सही). शेजारचा शिंपी (सही, जॅकसह).
लिहिणार: नात (सही).
ठिकाण: घराचे फाटक, पूर्ण उघडे.
तारीख: शनिवार, गाडी गेली तो दिवस.