बर्फाचं वजन

कुलू,
२ मार्च १९४८

गं. भा. हरणाबाई मावशींना अनंताचा नमस्कार.

गुरुजींना विनंती, पत्र वाचण्याआधी मावशींना एवढं मोठ्यानं सांगावं : कोंडीबा सुखरूप आहे. आत्ता माझ्या शेजारी उन्हात बसून विडी ओढतो आहे.

मावशी, मी सांगलीच्या विष्णुपंत गद्र्यांचा मुलगा. कोंडीबाबरोबर इथं पहाडात नोकरीला आहे. हरभरा निघाला का? म्हैस व्याली का? तो रोज विचारतो.

पलटणीतून सुटलेला मुलगा आता बर्फ तोलतो हे ऐकून तुम्ही हसला होतात म्हणे. पण खरंच तोलतो. पत्र्याचं ताट बर्फानं भरून बर्फातच पुरायचं आणि सकाळ-संध्याकाळ काढून काट्यावर घालायचं. कोरड्या वाऱ्यात ते हलकं होतं. बर्फ वितळत नाही. कापूर उघडा राहिला की उडतो, तसा सरळ हवेत जातो. कधी उलट होतं. हवेतली वाफ त्यावर बसते आणि ताट जड भरतं. हवेनं किती नेलं, किती परत दिलं ते कळलं, की उन्हाळ्यात नदीला किती पाणी उरेल याचा अंदाज येतो.

इतके दिवस पत्र का नाही, ते आता लिहितो.

अकरा फेब्रुवारीला संध्याकाळी वारा उठला. ताट आमच्या तळापासून दोन फर्लांगांवर. कोंडीबा वजन घ्यायला गेला, तो परतलाच नाही. पुढं केलेला हात दिसत नव्हता. तळावर उरलेले आम्ही तिघं कमरेला दोर बांधून दोनदा बाहेर पडलो, दोनदा मागं फिरलो. सकाळी वारा पडल्यावर तो ताटाजवळच सापडला. फावड्यानं खड्डा करून, पाय पोटाशी घेऊन बसला होता. ओठ ताठले होते, तरी म्हणाला, "सायेब, वजन घेतलंय. पुन्यांदा कुनी यायला नगं."

डाव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांनी काढली. उजव्या हाताचीही जाणार असं पंधरा दिवस वाटत होतं. काल पट्टी सोडली. पाचही बोटं हलली! त्यानं आपल्या हातानं रोटी मोडून खाल्ली आणि मी बाहेर जाऊन रडलो.

मावशी, त्या संध्याकाळी पाळी माझी होती.

डोकं दुखतंय म्हणून मी पडून राहिलो. डोकं दुखत नव्हतं. आदल्या आठवड्यात त्याच वाटेवर मी चुकलो होतो. भीती बसली होती. कोंडीबाला ते कळलं. "पडा तुमी. मला काट्याचं कळतंय," एवढंच म्हणाला आणि गेला.

हे लिहू नका म्हणून तो दोन दिवस मागं लागला आहे. "आय तुमच्या नावानं बोटं मोडंल, सायेब." मोडा, मावशी. तुमचा हक्क आहे. पण हे तुमच्यापासून लपवून मला त्याच्या शेजारी बसवेना. आज लिहिलं, आणि छाती मोकळी झाली.

डॉक्टरांनी त्याला घरी जायची परवानगी दिली आहे. चैत्रात आम्ही दोघं येतो. सांगलीत घरी न उतरता मी आधी तुमच्याकडे आष्ट्याला येईन. तुम्ही दारातून घालवलंत, तरी ओसरीवर बसून राहीन.

तुमच्या लेकानं वाचवलेला,
अनंत