आईच्या कीबोर्डमधला नवा प्रोग्रॅम

दादा,

आईचं बोट आता बटण दाबत नाही, नुसतं टेकतं आणि लगेच उचललं जातं. तेवढा स्पर्श कीबोर्ड थरथर समजून सोडून देत होता. म्हणून आज त्यातला प्रोग्रॅमच बदलला.

पुन्हा करावं लागलं तर लक्षात ठेव. नवा प्रोग्रॅम भरायला कीबोर्डच्या मागचं बारीक बटण दाबलं की कॉम्प्युटर त्याला कीबोर्ड म्हणून ओळखतच नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. मी सकाळभर जुन्याच ड्रायव्हरशी झटापट केली. मग ‘परवानगी नाही’ सुरू झालं. कॉम्प्युटरवरच्या माझ्या खात्याला कीबोर्डमध्ये लिहायचा अधिकार दिला, वायर काढून परत लावली, तेव्हा कुठे जमलं.

मी पसारा आवरत होते आणि पाठीमागून आई म्हणाली, "घुमे, संपला का तुझा खेळ?"

तिने टाइप केलेलं स्पीकर तिच्याच जुन्या, वाचा जाण्याआधी रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलतो, हे काय मला माहीत नाही? तरी मी दाराकडे पाहिलं, ती उभी असेल म्हणून. ती पलंगावरच होती, ओठ मिटलेले. शेजारच्या काकू आता तिच्याजवळ आहेत, पण तो आवाज ऐकून त्या दोनदा उठून बाहेर जाऊन आल्या. तूही दचकू नकोस.

मी डॉक्टरांकडे चालले आहे. श्वासाच्या यंत्राचं आपण विचारलं की ती डोळे मिटून घ्यायची, आणि आपण ते ‘हो’ धरून चाललो होतो. आज मी विचारलंही नव्हतं. त्याच ठणठणीत आवाजात ती आपणहून म्हणाली, "दादाला सांग, ते यंत्र मला लावायचं नाही. तो रागावला तरी लावायचं नाही."