नडगीवरचा डाग

५ फेब्रुवारी
तर मुद्दा तोच, लेझर करायचंच. सप्टेंबरात फुगलेल्या शिरांची इंजेक्शनं घेतली. शिरा गेल्या, पण नडगीवर चहा सांडल्यासारखा ब्राऊन पट्टा राहिला. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात बहुतेक आपोआप जाईल, थांब. मी थांबणारा माणूस नाही. पप्पांच्या चादरीच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा आहे, त्यानंच शिरा फुगल्या.

९ फेब्रु.
पहिलं सिटिंग. रबर ओढून सोडल्यासारखं लागतं. क्लिनिकमधल्या काव्यानं गॉगल लावला, पायाचा फोटो काढला. "हलू नका की, अण्णा." बाकी पेशंट सगळे सर. मी एकटाच अण्णा. पर्सनल आहे हे.

१० फेब्रु.
संकल्प : ऊन बंद. सनस्क्रीन रोज.

२ मार्च, दु. १
क्लिनिकसमोर चहाच्या गाडीवर तासभर. शॉर्ट्समध्ये, पायाला हवा लागावी म्हणून. ऊन फार नव्हतं, एकोणचाळीस. काव्या स्कूटीवरून समोरूनच गेली. बघितलं नाही. हेल्मेट होतं.

१० मार्च
तिचा फोन, उद्या सिटिंग आहे म्हणून. मेसेज टाकता आला असता. फोन केला.

११ मार्च
डाग आणखी काळा. डॉक्टर चिडले. काव्या हळूच म्हणाली, "जपा की अण्णा, आमच्या आईचंबी असंच झालतं." आईपर्यंत विषय गेला. दुकानातला गुरुशांत म्हणतो, येड्या, जपा म्हणायचाच पगार हाय तिला. जळतो.

१५ एप्रिल
तिसरं. पट्टा जवळजवळ गेला. डॉक्टर म्हणाले, आता लेझर नको, यायची गरज नाही. काव्यानं पहिला फोटो आणि आजचा शेजारी धरून दाखवला. माझ्यापेक्षा तीच खूश. "लई भारी झालं की." मग ड्रॉवरमधून पत्रिका काढली. नऊ मे, अक्कलकोट. मुलगा सिद्धलिंग, बँकेत. "नक्की यायचं, अण्णा."
पाकिटावर माझं नाव. कोपऱ्यात पेन्सिलीनं : डावा पाय. अमरेश नावाचे दोन पेशंट आहेत म्हणे.

१६ एप्रिल
दुकानात गेलो नाही. ॲसिडिटी.

२० एप्रिल, दु. ३
सनस्क्रीन संपलं, नवीन आणलं नाही. चार दिवस दुपारी गच्चीवर पाय उन्हात सोडून बसतोय. व्हिटॅमिन डी. आई खालून ओरडते, बसू दे.
आत्ता बारकाईनं बघितलं. पाय जरा आत वळवला, की घोट्याच्या वर एक फिकट रेघ दिसते. नऊ मेच्या आधी एक सिटिंग लागणारच. गुरुशांतला दाखवणार नाही. तुम्हीच सांगा, दिसतोय ना डाग?